कॅन्सरची गाठ स्वतःसाठी रक्ताचा पाट कसा खोदते? आणि तो पाट तोडणारं औषध सगळ्यांना का चालत नाही?

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) पाण्याचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. भंडारदऱ्याचं आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी किती दिवस टिकणार, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचणार का, यावर अकोल्यापासून नेवाशापर्यंत पारावर चर्चा झडतात. रीतसर पाणी हवं असेल तर पाटबंधारे खात्याकडे ७ नंबरचा अर्ज भरायचा. अर्ज मंजूर झाला की आवर्तनात तुमचा नंबर.

आता तुम्ही म्हणाल, पाटाचा आणि कॅन्सरचा काय संबंध?

तर संबंध असा, की फुप्फुसात वाढणारी कॅन्सरची गाठही असाच अर्ज करते. तिला पाणी नको असतं, रक्त हवं असतं. आणि शरीर हा अर्ज कुणाचा आहे, कशासाठी आहे, हे फारसं न तपासता मंजूर करून टाकतं. शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीला फाटे फुटतात, ते गाठीपर्यंत पोहोचतात आणि गाठ पोसायला लागते.

हा अर्ज म्हणजे एक प्रोटीन आहे. नाव व्हीईजीएफ. डॉक्टर आपापसात बोलताना त्याला 'वेज-एफ' म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वाढायला सांगणारा निरोप, एवढा त्याचा अर्थ धरला तरी पुरे.

हे समजून घ्यायचं कारण साधं आहे. २०२२ च्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला फुप्फुसाच्या कॅन्सरचे ८१ हजारांहून जास्त नवे पेशंट सापडतात आणि सुमारे ७५ हजार जण दगावतात. म्हणजे बहुतेकांना तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा वेळी लोणीच्या प्रवरा हॉस्पिटलमध्ये असो, पुण्यात असो की परळच्या टाटाला, डॉक्टर घरच्यांना कधीकधी सांगतात, "किमोबरोबर आणखी एक इंजेक्शन देता येईल, गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं." घरचे एकमेकांकडे बघतात. रक्तपुरवठा तोडला म्हणजे गाठ मरणार का? मग आधीच का नाही दिलं? आणि त्यासाठी अर्धा एकर विकायचा का?

गाठीचा अर्ज निघतो कुठून?

शरीरातली कुठलीही पेशी जगायला ऑक्सिजन लागतो आणि तो रक्तातून येतो. पण रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन फार लांब जात नाही, साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर, बस. त्यामुळे कॅन्सरच्या पेशींचा गोळा एक-दोन मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा झाला, की मधल्या पेशी गुदमरायला लागतात.

इथे 'हिफ' नावाचं दुसरं एक प्रोटीन कामाला लागतं. ऑक्सिजन पुरेसा असतो तेव्हा पेशी हिफ बनवते आणि काही मिनिटांत मोडूनही टाकते. ऑक्सिजन कमी पडला की मोडण्याचं काम थांबतं. हिफ साठतं, पेशीच्या केंद्रात जातं आणि तिथली व्हीईजीएफ बनवणारी जनुकं चालू करतं. ऑक्सिजन मोजण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तयार झालेलं व्हीईजीएफ पेशीबाहेर पडतं, पसरतं आणि जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. रिसेप्टर म्हणजे अर्ज घेणारी खिडकी समजा. खिडकीवर अर्ज पडला की अस्तरातली एक पेशी पुढारीपण घेते. ती बोटांसारखे तंतू काढते आणि जिकडून निरोप जास्त येतोय तिकडे सरकायला लागते. गंमत म्हणजे ती शेजारच्या पेशींना गप्प बसवते, 'पुढे मी, तुम्ही मागून या' असा वेगळाच निरोप देऊन. सगळ्याच पेशी पुढे धावल्या तर नळी बनणार नाही ना. मागच्या पेशी विभागत जातात, मध्ये पोकळी तयार होते, आणि नवी रक्तवाहिनी गाठीत शिरते.

हे सगळं कॅन्सरनं शोधून काढलेलं नाही, हे लक्षात घ्या. पोटातल्या बाळाच्या रक्तवाहिन्या अशाच तयार होतात. जखम भरते ती अशीच. व्यायामाने कमावलेल्या स्नायूला जादा रक्त मिळतं तेही असंच. जखम भरली की हे निरोप थांबतात. गाठीचे थांबत नाहीत. म्हणून हार्वर्डचे हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं होतं.

एका सर्जनचं कुणी ऐकेना

आज हे पुस्तकात आहे, पण पन्नास वर्षांपूर्वी याला कुणी भाव देत नव्हतं. जुडा फोकमन नावाचा अमेरिकन सर्जन १९६० च्या सुमारास नौदलाच्या प्रयोगशाळेत होता. काम होतं रक्ताला पर्याय शोधण्याचं. त्यासाठी तो आणि त्याचा सहकारी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवत. त्या ग्रंथीत त्यांनी कॅन्सरच्या पेशी टाकून बघितल्या. गाठी वाढल्या, पण टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यावर थांबल्या. सगळ्या तशाच. त्याच गाठी जिवंत उंदरात घातल्या तर भराभरा वाढल्या. फरक कशात होता? भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या.

१९७१ मध्ये फोकमननं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं की गाठ रक्तवाहिन्यांना निरोप पाठवते, तो निरोप अडवला तर गाठ वाढणार नाही. पुढची कित्येक वर्षं त्याची चेष्टा झाली. सर्जननं सर्जरी करावी, असं म्हणणारे होते. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसती सूज, असं म्हणणारेही होते.

मग १९८३ मध्ये ड्वोरॅक यांच्या टीमला गाठीतून निघणारं एक प्रोटीन सापडलं. त्याचं काम वेगळंच दिसत होतं, ते रक्तवाहिन्या पाझरत्या करत होतं. १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत काम करणाऱ्या नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन वेगळं काढलं. दोन्ही एकच निघाले. तेच व्हीईजीएफ.

'पाझरत्या' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण फुप्फुसाच्या कॅन्सरचे अनेक पेशंट पहिल्यांदा डॉक्टरकडे येतात ते याच तक्रारीने. "छातीत पाणी झालंय." फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठतं, दम लागतो, सुईने एक-दीड लिटर काढलं की बरं वाटतं आणि काही दिवसांत पुन्हा साठतं. या पाण्यात व्हीईजीएफचं प्रमाण जास्त सापडतं. आवरणावरच्या बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे गळायला लागतात. पाणी साठण्याची कारणं इतरही असतात, पण हे त्यातलं मोठं.

आणि इथेच आपल्याकडे एक घोळ होतो. छातीत पाणी, खोकला, वजन उतरणं, थुंकीत रक्त, एक्स-रेवर डाग. हे सगळं टीबीतही होतं. टीबी आपल्याकडे इतका ओळखीचा, की आधी त्याच्याच गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिने जातात. गोळ्या चालू असूनही पाणी परत भरत असेल, वजन उतरतच असेल, तर त्या पाण्याची कॅन्सरच्या पेशींसाठी तपासणी झालीय का आणि बायोप्सीची गरज आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. तपासणी न होता टीबीच्या गोळ्यांवर गेलेले ते दोन महिने कुठलंही इंजेक्शन परत देत नाही.

अर्ज खिडकीवर पोहोचूच द्यायचा नाही

फेरारांच्या टीमने १९९३ मध्ये उंदरांवर दाखवलं की व्हीईजीएफला पकडून ठेवणारी अँटीबॉडी दिली तर गाठींची वाढ मंदावते. तीच अँटीबॉडी माणसाला चालेल अशी बनवली. तिचं नाव बेव्हासिझुमॅब, मूळ ब्रँड अ‍ॅव्हास्टिन. ती रक्तात फिरते, व्हीईजीएफ दिसला की त्याला धरते, आणि धरलेला व्हीईजीएफ रिसेप्टरला चिकटू शकत नाही. अर्ज वाटेतच गायब. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी तिला मंजुरी मिळाली, ऑक्टोबर २००६ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी.

मधल्या काळात मोठं नाट्य झालं होतं. मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर फोकमनच्या उंदरांवरच्या प्रयोगांची बातमी छापली. त्यात डीएनएवाले जेम्स वॉटसन यांच्या तोंडी, फोकमन दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार, अशा अर्थाचं वाक्य होतं. वॉटसननी नंतर आपण तसं बोललोच नाही म्हणून हात झटकले, पण तोवर औषध बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर आकाशाला भिडला होता आणि हॉस्पिटलचे फोन थांबत नव्हते. फोकमन स्वतः सांगत होता की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कॅन्सर असेल तरच आम्ही तुमची चांगली सोय करू शकतो. सोशल मीडिया नसतानाही फॉरवर्ड व्हायरल होत होते, एवढंच म्हणायचं.

मग माणसांमध्ये काय निघालं? २००६ च्या अमेरिकन चाचणीत ८७८ पेशंट होते, सगळे पुढच्या टप्प्यातले. निम्म्यांना फक्त किमो, निम्म्यांना किमोबरोबर बेव्हासिझुमॅब. किमोवाल्यांचं मध्यक आयुष्य १०.३ महिने निघालं. इंजेक्शनवाल्यांचं १२.३ महिने.

दोन महिने.

मध्यक म्हणजे काय, तर १०० पेशंट आयुष्याच्या क्रमाने रांगेत उभे केले तर बरोबर मधला. म्हणजे प्रत्येकाला दोन-दोन महिने वाढवून मिळाले असं नाही. काहींना काहीच फरक पडला नाही, काहींना बराच पडला. दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण किमोच्या गटात १५ टक्के होतं, इंजेक्शनच्या गटात २३ टक्के. हा आकडा घरच्यांना जास्त उपयोगी, कारण डॉक्टरांनी आशा आणि मर्यादा दोन्ही एकाच वेळी सांगायच्या तर त्या यात दिसतात. दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत, वेगळ्या किमोबरोबर, गाठ जरा जास्त काळ थांबली पण एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. ब्रेस्ट कॅन्सरसाठी तर अमेरिकेने २००८ मध्ये दिलेली मंजुरी २०११ मध्ये काढून घेतली. रिसेप्टरलाच, म्हणजे अर्जाच्या खिडकीलाच कुलूप लावणारी रॅम्युसिरूमॅब नावाची अँटीबॉडी २०१४ मध्ये आली. तिचा फायदाही दीड महिन्याच्या आसपासचा.

विडी ओढणाऱ्यालाच हे औषध नको का म्हणतात?

बायोप्सीच्या रिपोर्टवर एक शब्द असतो, तो घरच्यांनी वाचलाच पाहिजे. 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' की 'स्क्वॅमस'.

बेव्हासिझुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये स्क्वॅमस प्रकारच्या काही पेशंटना फुप्फुसातून अचानक प्रचंड रक्तस्राव झाला आणि ते दगावले. स्क्वॅमस गाठी बऱ्याचदा छातीच्या मध्यभागी, मोठ्या श्वासनळ्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असतात, आतून पोकळही होतात. अशा ठिकाणी रक्तवाहिन्यांना सांभाळणारा निरोप अचानक तोडला तर भिंत ढासळू शकते. म्हणून २००६ च्या चाचणीत स्क्वॅमसवाल्यांना घेतलंच नाही. तरीही इंजेक्शनच्या गटात ४.४ टक्के लोकांना गंभीर रक्तस्राव झाला. नुसत्या किमोत हे प्रमाण ०.७ टक्के होतं. उपचारामुळे १५ जण गेले, त्यातले ५ फुप्फुसातल्या रक्तस्रावाने.

स्क्वॅमस प्रकाराचं धूम्रपानाशी नातं घट्ट आहे. संगमनेर आणि नगर शहराला विडी वळणाऱ्या हातांची जुनी ओळख आहे, आणि विडी ओढणारे तर जिल्हाभर आहेत. म्हणजे चाळीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाला हे औषध मिळण्याची शक्यताच कमी होते. डॉक्टर "तुमच्या पेशंटला हे देत नाही" म्हणाले तर त्यात पैशाचा किंवा खेड्यातल्या माणसाचा प्रश्न असेलच असं नाही. रिपोर्टवरचा तो एक शब्द असू शकतो.

तंबाखूचा या गोष्टीत आणखी एक हात आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की निकोटीन स्वतःच नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं आणि फुप्फुसाच्या गाठी त्यामुळे वेगाने वाढतात. म्हणजे धुरातली रसायनं पेशी बिघडवतात, आणि निकोटीन बिघडलेल्या पेशींच्या अर्जावर शिफारस जोडतं. हे माणसात किती लागू होतं, हे उंदरांवरून थेट सांगता येत नाही. पण निदान झाल्यावर "आता सोडून काय उपयोग, ओढू दे त्याला" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे एकदा वाचावं. मिश्रीतही निकोटीन असतं, हेही आज्जीला सांगायला हरकत नाही.

पाणी तोडलं तरी पीक का जळत नाही?

दोन महिनेच का, याचं उत्तर परत पाटावर आणून सोडतं.

पहिली गोष्ट, गाठ एकाच खिडकीवर अर्ज करत नाही. व्हीईजीएफ अडवला की ती इतर निरोपांवर भर देते. एफजीएफ, पीडीजीएफ, अँजिओपॉएटिन अशी मोठी यादी आहे. हे निरोप एकमेकांना चालनाही देतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. गोपाल कुंडू यांच्या प्रयोगशाळेनं २००८ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींमध्ये दाखवलं होतं की ऑस्टिओपाँटिन नावाचं प्रोटीन व्हीईजीएफचं उत्पादन वाढवतं आणि त्यातून रक्तवाहिन्या वाढतात. म्हणजे अर्जाच्या मागेही अर्ज. शिवाय काही गाठी पाट खोदण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. फुप्फुसात आधीच रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, त्याला लपेटून त्या वाढतात. आयतं पाणी.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. गाठीने खोदलेला पाट अतिशय वाईट असतो. घाईत काढलेल्या या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या, कुठे रुंद, कुठे बंद, आणि सगळीकडे गळक्या. प्रवरेच्या पाटाकडेच्या काही जमिनी पाणी पाझरून पाझरून चोपण झाल्या, हे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला माहीत आहे. पाटालगत दलदल, आणि टेलला मात्र कोरडं. गाठीतही तसंच होतं. गळलेल्या पाण्याने आतला दाब वाढतो, रक्त नीट फिरत नाही. आणि किमोचं औषध रक्तातूनच जातं, त्यामुळे तेही गाठीच्या टेलपर्यंत पोहोचत नाही.

आयआयटी कानपूरमधून १९७२ मध्ये इंजिनिअर झालेले आणि पुढे हार्वर्डमध्ये गेलेले राकेश जैन यांनी इथे सगळ्यांना उलटं विचार करायला लावला. ते केमिकल इंजिनिअर, त्यामुळे पाइप, दाब आणि गळती हा त्यांचा घरचा विषय. त्यांनी २००१ मध्ये मांडलं की योग्य मात्रेत व्हीईजीएफ अडवला तर रक्तवाहिन्या काही काळ सुधारतात. गळती कमी होते, दाब उतरतो, आणि त्या काळात दिलेली किमो आतपर्यंत पोहोचते. म्हणजे हे औषध किमोबरोबर काम करतं ते पाट तोडून नाही, तर काही काळ पाट दुरुस्त करून. फार अडवला तर उलटं होतं, पाटच बंद, औषधही बंद, आणि गुदमरलेली गाठ जास्त आक्रमक होते. बेव्हासिझुमॅब एकट्याने फारसं काही करत नाही आणि जोडीला लागतंच, याचं कोडं बऱ्याच अंशी यातून सुटतं.

जोडीदार बदलल्यावर आकडेही बदलले. व्हीईजीएफ रोगप्रतिकारक पेशींनाही दाबून ठेवतो, हे कळल्यावर तो अडवून सोबत इम्युनोथेरपी द्यायची कल्पना आली. २०१८ च्या एका चाचणीत दोन्ही गटांना किमो आणि बेव्हासिझुमॅब होतं, एका गटाला वर अ‍ॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. त्या गटाचं मध्यक आयुष्य १९.२ महिने, दुसऱ्याचं १४.७. पण इम्युनोथेरपीचा खर्च ऐकून शहरातला नोकरदारही खुर्चीत बसतो, त्यामुळे गावाकडच्या घरासाठी हा आकडा सध्या कागदावरचाच.

त्यापेक्षा जवळचं उदाहरण मुंबईतलं. ईजीएफआर नावाचा एक रिसेप्टर काही पेशंटच्या गाठीत बिघडून कायम चालू राहतो. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या पेशंटमध्ये हा बिघाड बऱ्याच जणांत सापडतो, विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या बायकांमध्ये विशेष. हा चालू राहिलेला रिसेप्टर पेशीला 'वाढ' म्हणतो आणि व्हीईजीएफही जास्त बनवायला लावतो. गेफिटिनिब नावाची गोळी तो बंद करते. टाटा मेमोरियलच्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी अशा ३५० पेशंटवर चाचणी केली. नुसत्या गोळीवर गाठ मध्यक ८ महिने थांबली, गोळी आणि किमो एकत्र दिल्यावर १६ महिने. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. यातली औषधं जेनेरिक मिळतात. म्हणून बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआरची तपासणी झाली का, हा प्रश्न रक्तपुरवठा तोडणाऱ्या इंजेक्शनच्या आधी विचारायचा.

फॉरवर्डमधला 'कॅन्सरला उपाशी मारा'

या विज्ञानाची एक तोडकी-मोडकी आवृत्ती ग्रुपवर फिरत असते. हळद, लसूण, ग्रीन टी, अमुक पाला गाठीचा रक्तपुरवठा तोडतो. साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल.

यात खरं एवढंच, की हळदीतल्या कर्क्युमिनसारख्या पदार्थांनी काचेच्या बशीत रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ मंदावते. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. बशीतला डोस ताटातून मिळत नाही. साखरेचं म्हणाल, तर गाठीला लागणारी साखर शरीर स्वतःच्या स्नायूतून बनवून देतं. वरण-भात बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही, पेशंट राहतो. वजन घसरलं की किमो झेपत नाही, डोस लांबतात. पेशंटला अंडी, डाळी, दूध, जे रुचेल ते खाऊ द्या.

इंजेक्शन सुरू करायचं ठरलंच तर

व्हीईजीएफ शरीराच्या रोजच्या कामातही असतो, त्यामुळे तो अडवल्याचे परिणाम ठरलेले आहेत. बीपी वाढतं, कारण हाच निरोप रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतो. लघवीतून प्रोटीन जातं. रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. जखमा लवकर भरत नाहीत. म्हणून ऑपरेशन आणि हे इंजेक्शन यांच्यात किमान २८ दिवसांचं अंतर ठेवतात. दाढ काढायची असली तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा.

थुंकीत ताजं रक्त येत असेल, अगदी चमचाभर, तर ते सांगायलाच हवं. बरेच पेशंट "उगाच इंजेक्शन थांबवतील" म्हणून लपवतात. ते थांबवण्यासारखंच कारण असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जुना हार्ट अटॅक, लकवा, डोक्यातल्या गाठी, हेही सांगायचं.

(नात्यातल्या कुणाला शुगरमुळे डोळ्यात हेच इंजेक्शन दिलं असेल तर गोंधळू नका. डोळ्याच्या पडद्यावर फुटणाऱ्या नको त्या रक्तवाहिन्यांमागेही व्हीईजीएफच असतो. तिथे थेंबभर पुरतं. कॅन्सरसाठी वजनाच्या हिशोबाने सलाइनमधून दर तीन आठवड्यांनी देतात.)

खर्चाचा भाग. पेटंटवालं मूळ औषध महाग होतं, पण आता भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे त्याच धर्तीवर बनवलेली औषधं, बाजारात आहेत. बायोकॉनने २०१७ मध्ये क्राबेवा आणलं, हेटेरो आणि झायडसचीही आहेत. किमती ब्रँडनुसार बऱ्याच बदलतात, त्यामुळे प्रिस्क्रिप्शनवर बेव्हासिझुमॅब हे मूळ नाव लिहून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, पण प्रत्येक औषध बसतंच असं गृहीत धरू नका. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो. पहिला डोस लागायच्या आधी तिथे रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा, औषधाचं नाव लिहून दाखवा आणि किती डोस, कुठल्या पॅकेजमध्ये, वरचा खर्च किती, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. जमिनीच्या सौद्याची बोलणी त्यानंतर.